पोटातलं आणि मांडीवरचं

पाथर्डी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. इकडं सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं दुखतो आणि माझ्या बोलण्यानं जास्त दुखतो, त्यात नवीन काही नाही.

फोन असताना बाबांना टपालाचं वेड का लागलं, असं तुला वाटेल. तर तुझा फोन कायम मितूच्या हातात असतो, आणि मितूचं बोट कायम स्पीकरच्या बटणावर. ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीतून उठून मी एका भोंग्यावर धंदा सुरू केला, आज मंडप आणि साऊंडचं दोन टेम्पो सामान दारात उभं आहे. तीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, स्पीकरवर माणूस खरं बोलत नाही. म्हणून पत्र. तेही तुझ्या घरी नाही, तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय.

मागच्या रविवारी मितू मला काय म्हणाली, तुझ्या कानावर आलं का? तू बहुतेक भाकरी करत होतीस. ती म्हणाली, आजोबा, दीपाआत्यानं छोटा पलंग आणलाय, गुलाबी चादरीचा, पण कुणाला सांगायचं नाही. तेवढ्यात मागं ताट वाजलं. ताट हातातून पडल्याचा आवाज वेगळा आणि मुद्दाम आदळल्याचा वेगळा. हे आदळलेलं होतं. मग तुझ्या सासूबाईंचा आवाज आला, बास झालं गं भवाने, आजोबांना झोप आली असंल. सकाळी दहा वाजता मला कसली झोप?

तुझी नणंद दीपाबाई. लग्नाला बारा वर्षं झाली, ओटी रिकामी. बाई चांगल्या आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या घरात लेकरू नाही त्या घरात छोटा पलंग येतो, आणि तोही लपवून. इकडं तुला सहावा लागलाय. मी काही बोलत नाही. फक्त विचारतो, की बाळाबद्दल घरात काही वेगळं बोलणं चालतं का?

मितूच्या गालाचा पापा घे. जावईबापू प्रवीणरावांना जयभीम सांग, पण पत्राचं सांगू नकोस. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
बाबा (रंभाजी)

&nbsp;

पुणतांबा,
सोमवार, १७ फेब्रुवारी

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र अंगणवाडीत आलं तेव्हा मी तेवीस पोरांना खिचडी वाढत होते. पोस्टमनला वाटलं वरच्या ऑफिसातून काही आलंय, म्हणून त्यानं सही घेतल्यासारखं तोंड केलं. मी चुलीआड जाऊन वाचलं आणि आधी हसले. बाबा, तुम्ही गुप्तहेर खात्यात जायला हवं होतं, उगाच मंडप ठोकत बसलात.

माझी तब्येत बरी आहे. रक्त थोडं कमी आहे, गोळ्या चालू आहेत. दुसऱ्यांच्या बायकांना मी रोज सांगते की गोळी चुकवू नका, आणि स्वतः दोनदा चुकवली. मितू आता पोटाला कान लावून बसते आणि बाळ आत मोबाईल बघतंय का असं विचारते. काल तिनं माझी सगळी वजनाची वही रंगवली. गावातली निम्मी पोरं कागदावर तरी गुटगुटीत झाली.

हसून झाल्यावर मात्र मी विचार करत बसले. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, काही गोष्टी मलाही टोचत होत्या, पण कुणाला सांगाव्यात अशा मोठ्या नव्हत्या.

दीपाताई आता दर मंगळवारी येतात. आधी सणाला यायच्या. सकाळी स्कूटीवर येतात आणि मितूला शिर्डीला फिरवायला नेतात, दुपारी आणून सोडतात. तुला जरा आराम, असं म्हणतात. माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणतात आणि मी खाताना बघत बसतात. बघणं वाईट नाही, पण बाबा, कुणी आपल्या पोटाकडं किती वेळ बघावं?

हेही बाळाविषयी बोलत नाहीत. मितूच्या वेळी पाचव्या महिन्यापर्यंत यांनी नावांची यादी केली होती. आता नाव काढलं की म्हणतात, येऊ तर दे आधी. आणि मध्येच विचारतात, दोन लेकरं आणि अंगणवाडी, झेपंल का तुला? तुम्हाला माहीतच आहे, हे ताईंच्या यजमानांच्या, अंगदभावजींच्या लाँड्रीचा टेम्पो चालवतात, शिर्डीच्या हॉटेलांच्या चादरी नेतात-आणतात. लहानपणी दीपाताईंनीच यांना कडेवर वाढवलं, स्वतः शाळा सोडून यांना शाळेत घातलं. ताईंनी काही मागितलं तर हे नाही म्हणतील, असं मला वाटत नाही.

पण बाळ कुणी मागतं का, बाबा? अजून आलंही नाही ते.

सासूबाईंनी रेशन कार्डासाठी आधारकार्डं आणि मितूचा जन्मदाखला मागून घेतलाय, तेवढी एक कामाची गोष्ट घरात चालू आहे. बाकी सगळं नुसतं बघणं.

आईला गुडघ्यावर एरंडाचं पान बांधायला सांगा. तुमचं आमच्यावर आहे ते प्रेम आहे तितकं राहिलं तरी पुरे.

तुमची,
यशोधरा

&nbsp;

पाथर्डी,
रविवार, २ मार्च

चि. सौ. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम. वि. वि.

बाळ कुणी मागतं का, असं तू विचारलंस. पोरी, मागत नाहीत. ओटीत घालतात. मागितलं तर नाही म्हणता येतं. ओटीत घालायचं असलं की सगळे मिळून गोड बोलतात आणि शेवटी आईलाच वाटतं की हे तिनंच सुचवलं.

मी लहान होतो तेव्हा आमच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या एका चुलतीनं तिचा धाकटा पोरगा बहिणीच्या ओटीत घातला. ठरलं होतं सहा महिन्यांसाठी, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत. तो माणूस आता साठीला आला, अजून ते सहा महिने संपायचेत. चुलती मरेपर्यंत त्याला पाहुणा म्हणून चहा करायची. तेव्हा कुणी वाईट नव्हतं, बरं का. बहीण चांगली, नवरा चांगला, सासू तर लईच चांगली. चांगल्या माणसांनी केलेलं काम परत फिरवता येत नाही, हीच अडचण असते.

तुझी आई म्हणते, मी उगाच तुझ्या डोक्यात किडा सोडतोय. असेल. पण मी सामान लावायला गेलो की आधी माईक तपासत नाही, आधी वायर कुठून आलीय ते बघतो. आग नेहमी वायरीत लागते.

तर आता शहाण्यासारखं ऐक. बाळंतपण पाथर्डीला करायचं. दुसरं बाळंतपण माहेरी नसतं म्हणून सासूबाई नाक मुरडतील, मुरडू दे. तुझी रजा मंजूर झाली की एप्रिलच्या पाच तारखेला मी टेम्पो घेऊन येतो. बाळ माझ्या घरात जन्मलं, की बघू कोण ओटी पसरतं.

मितूला मात्र आणू नकोस. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर, दारात सगळं सामान उघडं, जिकडं तिकडं वायरी. शिवाय पाथर्डीचं ऊन. तिची सवय मोडू नकोस, दोन-अडीच महिने आजीपाशी राहील, आत्या आहे, बाप आहे. तू फक्त पोटातलं सांभाळ. मांडीवरच्याला माणसं आहेत.

जावईबापूंना सरळ विचारून टाक. ते खोटं बोलतील असं मला वाटत नाही, पण बोलताना पाय कुठं ठेवतात ते बघ.

आईचा आशीर्वाद. आमची आठवण काढत जा, उचकी लागली की बरं वाटतं.

तुझा,
बाबा

&nbsp;

पुणतांबा,
गुरुवार, २० मार्च

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

विचारलं. म्हणून पत्राला उशीर झाला, आधी धीर गोळा करत होते.

त्याआधी एक झालं ते सांगते. परवा दीपाताई मितूला सोडायला आल्या आणि सासूबाईंबरोबर मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या. मी आत कपडे घडी करत होते. सासूबाई ताईंना समजावत होत्या, एकदा बाळंतपण हुऊ दे, मग हळूहळू सवय हुईल, लेकरूच हाय, इसरतंय. बराच वेळ नुसती मेथी खुडल्याचा आवाज. मग ताई म्हणाल्या, पन वहिनीच्या मनाला यातना हुतील. सासूबाई म्हणाल्या, तिला एक असंल की कुशीत, मन रमंल.

बाबा, माझ्या हातातला यांचा शर्ट मी तीनदा घडी केला आणि तीनदा मोडला.

संध्याकाळी हे टेम्पो लावून आले. मी सरळ विचारलं, बाळाचं तुम्ही लोकांनी काही ठरवलंय का, दीपाताईंना द्यायचं. यांचा चेहरा असा झाला की मी वेडीच झालेय. हे उठले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात लावला आणि म्हणाले, माझ्या बाळाला कुणी बोट लावणार नाही, जन्मंल तेव्हा तुझ्या कुशीत आणि तुझ्याच घरात राहील. तुम्ही म्हणाला होतात तसं मी पायांकडं बघितलं. पाय जमिनीवर घट्ट होते. डोळ्यांत बघून बोलले. खोटं बोलताना यांच्या कानाची पाळी लाल होते, तीही नव्हती.

मला इतकं हलकं वाटलं की मी रडले. मग पाथर्डीला जायचं सांगितलं, तर लगेच हो म्हणाले. सासूबाईही हो म्हणाल्या. नाक मुरडलं नाही. उलट म्हणाल्या, जा बाई, निवांत जा, मितूची काळजी करू नगं, आमी हायेत. दुसऱ्या दिवशी माझी बॅगही त्यांनीच माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

हलकं वाटायला हवं ना? रात्री मात्र मी जागीच होते. इतक्या लवकर हो कुणी म्हणत नाही या घरात. साधी भाजी बदलायची तर दोन दिवस जातात.

पाच तारखेला येते. मितूला अजून सांगितलं नाही.

तुमच्या पायाशी थोडी जागा राखून ठेवावी,
यशोधरा

&nbsp;

पाथर्डी,
बुधवार, २ एप्रिल

चि. सौ. यशोधरा हिस,
आशीर्वाद. जयभीम.

हे पत्र आपल्या मंडपावरचा कल्याण मोटरसायकलवर घेऊन येतोय, तुझ्या हातात अंगणवाडीतच देईल. फोन केला असता, पण हे ऐकून तू वीस लेकरांसमोर खाली बसली असतीस, आणि मला इथून हात देता आला नसता. शिवाय सोबत एक कागद आहे, तो फोनवर दाखवता येत नाही. आधी बस. पाणी पी. मग वाच.

तुझा बाप चुकला. शहाणपणाच्या भरात चुकला.

रविवारी फोनवर मितूला म्हटलं, काय शिकलीस ते दाखव आजोबांना. तिनं दोन टाळ्या सावकाश वाजवल्या, तीन भराभर, आणि मग लांबलचक श्श्श केलं. मी म्हटलं, शाब्बास, आईनं शिकवलं? ती म्हणाली, न्हाई, तिकडच्या बाईंनी.

जानेवारीत शिर्डीच्या अलीकडच्या एका नव्या इंग्रजी शाळेच्या गॅदरिंगचा साऊंड माझ्याकडं होता. तिथल्या मोठ्या बाई पोरांना गप्प करायला हेच करतात. दोन सावकाश, तीन भराभर, श्श्श. तीनशे पोरांचं ते श्श्श माझ्या माईकांतून असं घुसलं होतं की मला वाटलं मशीन जळालं. तो आवाज मी मेल्यावरही विसरणार नाही. दुसरीकडं कुठं मी तो ऐकलेला नाही.

मग मी खाटेवर बसून एकेक वायर धरत मागं गेलो. तान्ह्या बाळाला झोळी लागते, पलंग कशाला? रेशनला जन्मदाखला कशाला? पोटातलं लेकरू काय विसरणार, त्याला अजून आठवायलाच काही नाही. सवय व्हायला लागते ती चार वर्षांच्या पोरीला. जावयांची शपथ खरी होती, यशोधरा. आपला प्रश्न चुकला. आपण सगळे तुझ्या पोटावर पहारा देत बसलो, आणि इकडं मांडीवरचं नेत होते. आणि तिला तिथंच ठेवून ये, असं सांगणारा शहाणा कोण? मी.

काल मंगळवार होता. मी शाळेत गेलो. जानेवारीत माझी एक वायर तुमच्याकडं राहिली म्हटलं आणि निवांत हिंडलो. खिडकीतून बघितलं. नव्या मुलांना सवय लागावी म्हणून दर मंगळवारी दोन तास बसवतात. मितू दुसऱ्या रांगेत होती, पाठीवर नवं दप्तर. मी हाक मारली नाही. मारावीशी लई वाटली. बाहेर फळ्यावर जूनच्या प्रवेशाची यादी आहे, तिचा फोटो काढून छापून आणला, तोच सोबतचा कागद. अकरावं नाव बघ. पालक म्हणून दीपाबाई, पत्ता त्यांच्या घरचा.

आता पाच तारखेला येऊ नकोस. येणार असलीस तर मितूचं बोट धरून ये. पुढचं काय करायचं ते मी सांगत नाही. माझं सांगणं कुठवर जातं ते बघितलं मी.

तुझा,
बाबा

&nbsp;

पुणतांबा,
शुक्रवार, ४ एप्रिल

सौ. दीपाताईंस,
सप्रेम जयभीम.

वि. वि. म्हणायची सवय आहे, पण आज विनंती नाही, ताई. फक्त सांगायचं आहे.

बाबांनी पाठवलेली शाळेची यादी मी परवा यांच्यासमोर ठेवली. हे खाली बसले, मग म्हणाले, तुला झेपणार नाही असं वाटलं, ताईकडं शाळाही चांगली, सुट्टीत येईलच की. सासूबाई म्हणाल्या, मी काय वाईट केलं, माझी एक लेक रिकामी आणि तुझी ओटी दोनदा भरली. त्या खोटं बोलत नव्हत्या.

मी रोज तेवीस पोरांना बसायला, उठायला, हात धुवायला शिकवते. लोक विश्वासानं त्यांना माझ्याकडं सोडतात. माझी स्वतःची मुलगी शाळेत बसायला लागली आणि मला कळलंही नाही, हे मी कुणाला सांगू?

सासूबाई म्हणतात, मितूलाच विचारू, तिला कुठं राहायचंय ते. ताई, मी हात जोडून सांगते, तिला कुणीही विचारायचं नाही. तुमच्याकडं गुलाबी पलंग आहे, स्कूटी आहे, रोज आईस्क्रीम आहे. ती तुमच्याकडं म्हणेल. आणि मोठी झाल्यावर तिला वाटेल की आईला आपणच सोडलं. हे ओझं तिच्या पाठीवर मी ठेवू देणार नाही.

मी पाथर्डीला जात नाही. इथंच राहणार. तुमच्याबद्दल माझ्या मनात काय आहे, ते अजून मला कळलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

यशोधरा

&nbsp;

शिर्डी,
सोमवार, ७ एप्रिल

यशोधरा,
जयभीम.

तुझं पत्र यांना दाखवलं नाही. लाँड्रीच्या मागं वाफेत बसून वाचलं, तिथं डोळे कशानं भिजले ते कुणी विचारत नाही.

मला आई आणि प्रवीण म्हणाले होते की हे तूच सुचवलंस. तुला दोन लेकरं झेपणार नाहीत म्हणून तूच म्हणालीस, ताई सांभाळतील. आणि वहिनीशी याविषयी बोलू नकोस, तिला रडू येतं, असं बजावलं होतं. म्हणून मी गप्प राहिले. तुझ्यासाठी लाडू आणायचे आणि तू खाताना बघत बसायचे, की आता बोलशील, मग बोलशील.

खरं सांगू? तू एकदाही बोलली नाहीस तेव्हाच मला शंका आली होती. एवढी मोठी गोष्ट कुठली आई न बोलता करेल? पण ती शंका मी बाजूला सारली, कारण मला ती नको होती. हा माझा गुन्हा आहे. बाकीचा आईचा आणि प्रवीणचा, पण हा माझा.

आज सकाळी शाळेत जाऊन नाव काढून आणलं. जन्मदाखला आणि आधारकार्ड यांच्या हाती अंगणवाडीत पोचवते, घरी नको. तू बोलावल्याशिवाय मी पुणतांब्याला येणार नाही. मितूनं विचारलं तर आत्याला खूप काम आहे म्हण. ते खोटंही नाही, उन्हाळ्यात चादरी फार येतात.

तब्येतीला जप. माझ्याविषयी जे वाटत असेल ते वाटू दे, लपवू नकोस. लपवल्यानंच इथवर आलं.

दीपा

&nbsp;

पुणतांबा,
शुक्रवार, ३० मे

आदरणीय बाबा आणि आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला बातमी कळली. दुसरीही मुलगीच. अडीच किलो, केस भरपूर, नाक तुमचं. ती बिचारी मोठी झाल्यावर आपलं बघून घेईल. पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते आता लिहिते. बाळ झोपलंय, मितू तिच्या पायांची बोटं मोजतेय.

एप्रिलपासून या घरात मी कशी राहिले ते तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं. हे मितूला चॉकलेट आणायला कोपऱ्यावर न्यायचे आणि मी घड्याळ बघत उभी राहायची. सासूबाईंनी तिला नवा फ्रॉक घातला की मी दारात जायची. यांनी तीनदा माफी मागितली, मी तीनदा ठीक आहे म्हणाले, आणि चौथ्यांदा कपाटातली कागदपत्रं तपासली. शंका आपण घरात घेतो एका कामासाठी, बाबा, मग ती काम संपलं तरी जात नाही.

शनिवारी, चोवीसला, सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. तारखेला अजून तीन आठवडे होते. हे चादरी घेऊन नाशिकला, सासूबाई श्रीरामपूरला लग्नाला. शेजारच्या बायडाबाईंनी पाठ चोळली, पण गाडी कुठं मिळेना. तुम्ही पाथर्डीहून यायचं म्हणजे तीन तास. मितू माझा पदर धरून उभी. गाडी असलेलं आणि जवळचं माणूस एकच होतं. मी फोन हातात घेतला आणि दोन कळा जाईपर्यंत नुसता धरून बसले. मग लावला.

ताई अंगदभावजींची कार घेऊन पंचवीस मिनिटांत आल्या. मला गाडीत घातलं, मितूला पुढं बसवलं, राहात्याच्या दवाखान्यात आणलं. आत नेताना नर्सबाई म्हणाल्या, लहान मुलीला इथं थांबता येणार नाही, घरी घेऊन जा. ताईंनी माझ्याकडं बघितलं. ताईंचं घर तिथून वीस मिनिटांवर. माझा आणि मितूचा हात सुटेना, म्हणजे मीच सोडत नव्हते. मग कळ आली आणि सुटला.

दार बंद झालं. मला वाटलं, गेली.

आणि मग बाबा, बाहेरून मितूचा आवाज आला. रस्त्यावरचे ट्रक मोजत होती, मोठ्यानं. एकोणीसनंतर चुकली, ताईंनी पुन्हा एकपासून सुरू करायला लावलं. मग गाणं. मग तिला येणाऱ्या सगळ्या प्राण्यांचे आवाज. मध्ये नर्सबाई ओरडल्या, ही काय जत्रा आहे का. थोडा वेळ शांत झालं, मी खाटेवरून उठायला लागले. मग आवाज पलीकडच्या खिडकीतून आला. त्यांना बाहेर काढलं होतं आणि त्या मितूला घेऊन उन्हात खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या होत्या. दुपारी साडेतीनपर्यंत तो आवाज थांबला नाही. जरा थांबला की ताई तिला काहीतरी विचारायच्या आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. बाळ रडलं तेव्हा बाहेर मितू वाघ झाली होती.

संध्याकाळी सगळे जमले. मितूचा घसा बसलेला, ताईंचा चेहरा उन्हानं काळवंडलेला. सासूबाई ताईंनाच रागावल्या, की एवढ्या उन्हात लेकराला उभं केलं, घर जवळ होतं, नेऊन झोपवायचं की निवांत. ताई पाण्याचा तांब्या भरत होत्या. त्या मागं न वळता म्हणाल्या, तिचा आवाज बंद झाला असता, तर यशोधरा बाळ टाकून उठून आली असती.

थांबते. बाळ उठलं. आठवण असू द्यावी, आणि एकदा ताईंसकट आम्हा चौघींना बघून जावं.

तुमची,
यशोधरा